यादींत दोनदां चढलेला व दोनदां खोडलेला पक्षी

(१)

इतिहाससंशोधकाचा सर्व व्यवहार पुराव्यावर चालतो. सनद अस्सल कीं बनावट, तिथि समकालीन टिपणांतली कीं मागाहून जुळविलेली, बखरकारानें लिहिलें तें पाहिलेलें कीं ऐकलेलें, या प्रश्नांचा निकाल लागल्यावांचून त्यास पुढें पाऊल टाकतां येत नाहीं. हीच चिकित्सा आपल्या शास्त्राबाहेर, अगदीं निराळ्या क्षेत्रांतही तितक्याच कसोशीनें चालते. आणि तेथेंही बनावट साधनें निघतात, प्रामाणिक साक्षीदार चुकतात व थोरांच्या शब्दावर विसंबून संशोधक फसतात. प्रस्तुत लेखांत आम्ही असें एक प्रकरण वाचकांपुढें ठेवणार आहों. विषय पक्ष्यांच्या प्रादेशिक यादीचा आहे, आणि त्यांतही किनाऱ्यावर व खाजणांत चरणाऱ्या दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी कशा तपासल्या जातात, याचा आहे. स्थळ मुख्यतः इंग्लंडचें आहे. परंतु प्रकरणाचा एक धागा खानदेशांतील शहाद्याच्या रानापर्यंत येऊन पोंचतो, हें पुढें दिसेल.

प्रादेशिक यादी म्हणजे अमुक एका देशांत आजवर कोणकोणत्या जातींचे पक्षी वन्य स्थितींत आढळल्याचें सिद्ध झालें आहे, त्यांची नामावळी. ब्रिटनमध्यें हें काम इ. स. १८५८ मध्यें स्थापन झालेली ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियन ही संस्था करते. तिची पहिली यादी इ. स. १८८३ मध्यें प्रसिद्ध झाली. नेहमीच्या पक्ष्यांविषयीं वाद नसतो. चिमणी-कावळ्यांस साक्षीपुरावा लागत नाहीं. वाद उत्पन्न होतो तो वाट चुकून आलेल्या पाहुण्यांविषयीं. कारण यादींत जातीचें नांव चढण्यास एक पक्षी एकदां आला, एवढें पुरेसें असतें. आणि अर्थातच खोटें नांवही तेवढ्यानेंच चढतें. वंशावळींत एक बनावट पुरुष घुसला म्हणजे त्याच्या खालच्या सर्व पिढ्यांचें गणित बिघडतें, तसेंच येथेंही होतें. कोणता पक्षी कोठून कोठें जातो, त्याचा मार्ग कोणता, त्याची संख्या वाढत आहे कीं घटत आहे, हीं सर्व अनुमानें अशा नोंदींवर उभारलेलीं असतात.

किनाऱ्यावरील पक्ष्यांच्या बाबतींत ही अडचण विशेष तीव्र होते. कोंकणच्या खाड्यांत हिवाळ्यांत उतरणारे तुतवार, चिखल्या, टिलवे व कुरल ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस हें सांगावयास नको. ओहोटीच्या वेळीं चिखलावर शेंकडों पक्षी पसरलेले असतात. अंतर मोठें, ऊन डोळ्यांवर, आणि बहुतेकांचा हिवाळी वेष करडा-तपकिरी. एकाच जातीचे कोंवळे व प्रौढ पक्षी निराळे दिसतात, आणि दोन निराळ्या जातींचे पक्षी एकसारखे दिसतात. शिवाय यांतील अनेक जाती थेट ध्रुवाजवळच्या प्रदेशांतून निघून हजारों मैलांचा प्रवास करतात. त्यामुळें 'हा पक्षी येथें येणें शक्यच नाहीं' असें म्हणून कोणताही दावा एकदम फेटाळतां येत नाहीं. जेथें अशक्य असें फारसें कांहीं उरत नाहीं, तेथें पुराव्याचें महत्त्व दुणावतें.

दुर्मिळता स्थळावर अवलंबून असते, हेंही येथें ध्यानांत ठेवावें. वरच्या बाजूस वांकलेल्या चोचीचा तेरेक तुतवार मुंबईच्या खाड्यांत दर हिवाळ्यांत येतो व तेथें त्याची कोणी विशेष चौकशी करीत नाहीं. तोच पक्षी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला, तर पाहणाराची सविस्तर जबानी घेतली जाते.

(२)

ज्या पक्ष्यावर हें प्रकरण मुख्यतः आधारलेलें आहे, त्याचें शास्त्रीय नांव न्युमेनिअस टेन्यूइरॉस्ट्रिस. त्यास आम्ही येथें 'बारीकचोच कुरल' असें म्हणूं. आपल्या किनाऱ्यावर येणारा मोठा कुरल करड्या-तपकिरी रंगाचा, लांब व खालीं वांकलेल्या चोचीचा असतो. त्याच्याच कुळांतील ही लहान जात. अंग लहान, चोच आंखूड व टोंकाकडे अगदीं बारीक होत गेलेली, छाती व पोट अधिक पांढरें, आणि कुशींवर पिंपळपानाच्या आकाराचे काळसर ठिपके, हीं त्याचीं मुख्य लक्षणें होत. फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ व्हिएयो यानें इ. स. १८१७ मध्यें या जातीचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें.

हा पक्षी हिवाळ्यांत भूमध्य समुद्राच्या आसमंतांत येई. त्याचीं घरटीं मात्र एकाच शोधकास निश्चितपणें सांपडलीं. पश्चिम सैबेरियांत तारा या गांवाजवळच्या दलदलींत उशाकोव्ह यानें विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तीं पाहिलीं. त्यानंतर कोणासही एकही घरटें मिळालें नाहीं. अलीकडे संग्रहालयांत जपून ठेवलेल्या कोंवळ्या पक्ष्यांच्या पिसांचें रासायनिक पृथक्करण करून, ते पक्षी कोणत्या प्रदेशांत वाढले असावेत याचा शोध घेण्यांत आला. त्यावरून विणीचा मुख्य प्रदेश तारा गांवाच्या बराच दक्षिणेस, कझाकस्तानच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांत असावा, असें अनुमान इ. स. २०१८ मध्यें मांडलें गेलें. जुना नमुना नीट चिठ्ठीसह जपला असला, तर ज्या प्रश्नाची कल्पनाही जमविणारास नव्हती, त्या प्रश्नाचें उत्तर तो पुढें केव्हां तरी देतो, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

या जातीचें शेवटचें निर्विवाद दर्शन मोरोक्को देशांतील मेर्जा झर्गा या खाजणांत २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं झालें. पुढें अनेक देशांत शोध झाले, ते व्यर्थ गेले. इ. स. २०२४ मध्यें 'आयबिस' या त्रैमासिकांत सर्व नोंदी व शोध यांचा हिशेब मांडून ही जात नामशेष झाली असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि इ. स. २०२५ मध्यें निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें तिची नोंद नामशेष जातींत केली.

या पक्ष्याचें नांव ब्रिटनच्या यादींत दोनदां चढलें आणि दोन्ही वेळां खोडलें गेलें. दोन्ही वेळचीं कारणें परस्परांहून अगदीं भिन्न होतीं, आणि त्यांतच या प्रकरणाचा बोध आहे.

(३)

पहिली वेळ हेस्टिंग्जची. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर ससेक्स परगण्यांत हेस्टिंग्ज शहर आहे. त्यास लागून असलेल्या सेंट लेनर्ड्स येथें जॉर्ज ब्रिस्टो नांवाचा बंदुकांचा व पक्ष्यांत भुसा भरण्याचा व्यवसाय करणारा एक दुकानदार होता. इ. स. १८९२ पासून इ. स. १९३० पर्यंतच्या काळांत हेस्टिंग्जच्या सभोंवारच्या सुमारें वीस मैलांच्या टापूंतून दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदींचा जणूं पूर लोटला, व त्यांतील बहुतेक पक्षी या दुकानाच्या वाटेनें आलेले होते. दक्षिण युरोपांतले, आशियांतले, अमेरिकेंतले, असे नाना देशींचे पक्षी या एका टापूंत मारले गेल्याचें सांगण्यांत येई. बारीकचोच कुरल व तेरेक तुतवार हे दोन्ही यांतच होते.

या नोंदी एकदम खोट्या वाटण्यासारख्या नव्हत्या. पक्षी ताजे असतांना नामांकित पक्षिशास्त्रज्ञांनीं ते डोळ्यांनीं पाहिलेले असत. तारीख व स्थळ सांगितलेलें असे. नमुना हातांत असे. जात ओळखण्यांत चूक नव्हतीच. प्रश्न होता तो एवढाच, कीं हा पक्षी खरोखर इंग्लंडांत मारला गेला कीं दुसरीकडे? आपल्या भाषेंत सांगावयाचें, तर कागद जुना होता, अक्षर त्या काळचें होतें, परंतु कागद ज्या दप्तरांतला म्हणून दाखविला गेला त्या दप्तरांतला होता कीं नव्हता, हें कळण्यास मार्ग नव्हता. आणि लबाडीस कारणही होतें. परदेशीं मारलेल्या पक्ष्यास किंमत थोडी. तोच ब्रिटनमध्यें मारलेला असला तर हौशी संग्राहक त्यासाठीं कितीतरी अधिक पैसे मोजीत. बोटींवरील शीतगृहांतून बर्फांत ठेवलेले पक्षी आणले जात असावेत, असा तर्क पुढें करण्यांत आला.

'ब्रिटिश बर्ड्स' या मासिकाचे संस्थापक एच. एफ. विदरबी यांस इ. स. १९१६ च्या सुमारास संशय आला व त्यांनीं तो संबंधितांस कळविला. त्यानंतर नोंदींचा ओघ ओसरत गेला, हेंही सूचक होय. परंतु छापलेल्या नोंदी तशाच राहिल्या, आणि पुढील ग्रंथांतून त्या उतरून घेतल्या गेल्या. एकदां छापलेली चूक पुढील ग्रंथकार प्रमाण म्हणून कशी वाहून नेतात, हें आमच्या वाचकांस नवीन नाहीं.

अखेर ऑगस्ट १९६२ मध्यें त्याच मासिकाच्या एका अंकांत या प्रकरणाचा निकाल लागला. त्यांत दोन निबंध होते. एक ई. एम. निकलसन व आय. जे. फर्ग्युसन-लीस यांचा, नोंदींच्या तपशिलाचा. दुसरा जॉन नेल्डर यांचा, संख्याशास्त्राचा. नेल्डर यांची पद्धति इतिहाससंशोधकानें मुद्दाम लक्षांत घ्यावी अशी आहे. त्यांनीं कोणत्याही एका नमुन्याचा खरेखोटेपणा ठरविण्याचा यत्न केला नाहीं. त्यांनीं सबंध राशीच्या वर्तनाकडे पाहिलें. हा टापू दुर्मिळ पक्ष्यांस खरोखरच अनुकूल असेल, तर तो पुढेंही तसाच राहिला पाहिजे. शेजारच्या टापूशीं असलेलें त्याचें प्रमाण फार बदलूं नये. परंतु संशयित काल संपला, पाहणारे पूर्वीहून वाढले, दुर्बिणी सुधारल्या, आणि तरीही हेस्टिंग्जच्या टापूंतील अतिदुर्मिळ पक्षी जणूं कोणीं दार लावून घ्यावें तसे बंद झाले. शेजारच्या प्रदेशांत असा कांहीं बदल दिसला नाहीं. पक्षी जितका दुर्मिळ, तितकी ही तफावत अधिक. सृष्टि असें वागत नाहीं. दुकान असें वागूं शकतें.

या निबंधांनंतर २९ जाती व उपजाती ब्रिटनच्या यादींतून काढून टाकण्यांत आल्या. त्यांत बारीकचोच कुरल पहिल्यानें खोडला गेला.

येथें दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. ब्रिस्टो इ. स. १९४७ मध्येंच वारला होता; आरोपास उत्तर देण्यास तो हयात नव्हता. जेम्स हॅरिसन यांनीं इ. स. १९६८ मध्यें ग्रंथ लिहून त्याचा कैवार घेतला. शिवाय त्या शेंकडों नमुन्यांत कांहीं अस्सल नोंदीही असणारच. सुक्याबरोबर ओलेंही जळलें, यांत शंका नाहीं. तथापि खरें व खोटें वेगळें करण्याचें साधनच उरलें नाहीं, तेव्हां सबंध रास बाजूस ठेवणें प्राप्त होतें. सरमिसळ झालेल्या दप्तरांतील कागद स्वतंत्र आधार मिळेपर्यंत प्रमाण म्हणून घेऊं नये, हा आपलाही नियम आहे. आणि त्या नियमानें कायमचें नुकसान झालें नाहीं, हेंही कालांतरानें दिसून आलें. खोडलेल्या जातींपैकीं बहुतेक जाती पुढें इतरत्र, निर्दोष पुराव्यानें आढळल्या व यादींत सन्मानानें परत आल्या. जो पक्षी खरोखर येतो, तो पुन्हां येतो.

(४)

दुसरी वेळ इ. स. १९९८ मधली. उत्तर इंग्लंडांत नॉर्थंबरलंड परगण्याच्या किनाऱ्यावर ड्रुरिज बे नांवाचें स्थान आहे. तेथें त्या वर्षीं मे महिन्याच्या ४ तारखेपासून ७ तारखेपर्यंत एक लहानसा कुरल चरत असलेला लोकांच्या दृष्टीस पडला. बातमी पसरतांच शेंकडों लोक तो पाहण्यास आले. त्याचीं छायाचित्रें व चलच्चित्रें घेण्यांत आलीं. तो पहिल्या उन्हाळ्यांतला, म्हणजे आदल्या वर्षीं जन्मलेला, बारीकचोच कुरल असावा, असें अनेक जाणत्यांचें मत पडलें.

येथें ना दुकान होतें, ना विक्री, ना लपवाछपवी. पुरावा तपासण्याची व्यवस्थाही आतां पूर्वीसारखी राहिली नव्हती. इ. स. १९५९ मध्यें 'ब्रिटिश बर्ड्स' मासिकानें दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी तपासण्यासाठीं दहा जाणकारांची एक समिति नेमली होती, आणि जात देशाला नवीन असेल तर युनियनच्या समितीपुढेंही तिची छाननी होई. दोन्ही ठिकाणीं या नोंदीचा दीर्घ विचार झाला. चार वर्षांनीं, इ. स. २००२ मध्यें, ती स्वीकारण्यांत येऊन सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. बारीकचोच कुरल यादींत दुसऱ्यांदा चढला.

परंतु नोंद स्वीकारली म्हणजे तिचें दप्तर कायमचें बांधून ठेवलें, असें या समित्या मानीत नाहींत. पुढील दशकांत त्या पुराव्याचा पुनर्विचार झाला, आणि ही नोंद निःसंशय म्हणतां येत नाहीं असें ठरून नांव पुन्हां खोडण्यांत आलें. याचीं कारणें पक्ष्याच्या स्वरूपांतच आहेत. सामान्य कुरलांत नर लहान व आंखूड चोचीचा असतो, मादीची चोच लांब; कोंवळ्या पक्ष्याची चोच तर पूर्ण वाढेपर्यंत बरीच आंखूड राहते. म्हणजे 'लहान अंग व आंखूड चोच' हें लक्षण एकट्यानें कांहींच सिद्ध करीत नाहीं. एकटा उभा असलेल्या पक्ष्याचा आकार डोळ्यांस फसवितो. पिसांचा रंग ऊन, झीज व पिसें झडण्याचा काळ यांनीं पालटतो. आणि कुशींवरचे ते पिंपळपानी ठिपके प्रौढ पक्ष्याचें लक्षण. एका वर्षाच्या पक्ष्यांत त्यांवर फारसें विसंबतां येत नाहीं. त्या वयाचे नमुने संग्रहालयांत इतके थोडे, कीं ताडून पाहण्यास पुरेसें साधनच नाहीं. ज्याच्या हस्ताक्षराचा दुसरा कागद उपलब्ध नाहीं, अशा लेखकाच्या नांवावरील पत्रासारखी ही स्थिति झाली.

पहाणाऱ्यांपैकीं कोणावरही खोटेपणाचा आरोप झाला नाहीं. तसा तो होण्यास कांहीं कारणही नव्हतें. शेंकडों प्रामाणिक माणसांनीं एक पक्षी पाहिला, हें खरें. तो पक्षी कोणता, हें सिद्ध झालें नाहीं, हेंही खरें. या दोन विधानांत विरोध नाहीं. शिवाय शेंकडों साक्षीदार एकाच जागीं, एकच नांव कानावर पडल्यावर, एकाच पक्ष्याकडे पाहत असतील, तर त्यांची साक्ष शेंकडों पटींनीं वाढत नाहीं. एका बखरीच्या वीस नकला मिळाल्या, तरी साधन एकच राहतें.

(५)

आतां तिसरें उदाहरण, ज्याचा संबंध आपल्या प्रदेशाशीं आहे. तें किनाऱ्यावरील पक्ष्याचें नव्हे. परंतु यादींत घुसलेली एक खोटी नोंद पुढील संशोधनाची वाट कशी चुकविते, हें त्यावरून जितकें स्पष्ट होतें, तितकें वरील दोहोंवरून होत नाहीं.

रानपिंगळा या लहानशा घुबडाचें वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं इ. स. १८७३ मध्यें केलें. पहिला नमुना आजच्या छत्तीसगडांत ब्लेविट यांस मिळाला होता. पुढें खानदेशांत मुलकी अधिकारी असलेले जेम्स डेव्हिडसन यांनीं शहादें-तळोदें भागांत या पक्ष्याचे आणखी नमुने जमविले. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकानंतर मात्र हा पक्षी कोणास मिळाला नाहीं. अपवाद एकाच नोंदीचा. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांनीं इ. स. १९१४ मध्यें गुजराथेंत तापीकांठच्या मांडवी येथें एक रानपिंगळा मिळविल्याचें आपल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलें होतें.

माइनर्ट्झहॅगन हे पक्षिशास्त्रांतील मोठे प्रस्थ. ब्रिटिश युनियनचें मानाचें पदक त्यांस इ. स. १९५१ मध्यें मिळालें. त्यांनीं पक्ष्यांच्या सुमारें वीस हजार कातड्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. म्युझियममधील नमुने परवानगीवांचून नेल्यावरून त्यांस तेथील पक्षिदालनांत कांहीं काळ प्रवेशबंदी झाली होती, ही गोष्टही कांहींजणांस ठाऊक होती. परंतु त्यांच्या थोरवीपुढें ती मागें पडली. इ. स. १९६७ मध्यें ते वारले. पुढें ॲलन नॉक्स यांनीं इ. स. १९९३ मध्यें त्यांच्या संग्रहांतील लबाडीची पद्धतशीर तपासणी प्रसिद्ध केली, आणि पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांनीं ती पुढें चालविली. दुसऱ्यांनीं जमविलेले जुने नमुने उचलून, त्यांवर नव्या तारखेच्या व नव्या स्थळाच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या, असें अनेक बाबतींत सिद्ध झालें. मांडवीच्या रानपिंगळ्याची क्ष-किरणांनीं तपासणी झाली. कातडें पुन्हां उसवून भरलेलें आढळलें, आणि मूळ कारागिरी डेव्हिडसन यांच्या हातची असल्याचें दिसून आलें. म्हणजे खानदेशांतला पक्षी चोरून गुजराथच्या नांवावर चढविला होता. बंद पाकिटाची मोहोर तीच, पत्ता मात्र बदललेला!

या एका चिठ्ठीचा परिणाम काय झाला पहा. पक्ष्याचें शेवटचें दर्शन कागदोपत्रीं तीस वर्षांनीं पुढें गेलें, आणि शोध करणारे मांडवीच्या बाजूस वळले. तेथें कांहीं मिळेना, म्हणून पक्षी संपला असावा अशी समजूत दृढ होत गेली. खोटी नोंद बाजूस सारून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनीं जुन्या अस्सल नमुन्यांचीं स्थळें हातीं घेतलीं. प्रथम पूर्वेकडील स्थळीं शोध केला, तो निष्फळ झाला. मग ते खानदेशांत आले. नोव्हेंबर १९९७ मध्यें, तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांतील शहाद्याजवळ, भर दिवसां झाडावर बसलेला जिवंत रानपिंगळा त्यांस दिसला. डेव्हिडसन यांनीं जेथें लिहून ठेवलें होतें, त्याच मुलखांत तो शंभरांहून अधिक वर्षें होता. अस्सल साधन हातीं असतां बनावट साधनावर विसंबल्यामुळें तो दृष्टिआड राहिला.

(६)

हीं तीन प्रकरणें एकत्र ठेवलीं असतां जो निष्कर्ष निघतो, तो आम्ही येथें स्पष्ट मांडतों. पहिल्यांत दुकानदार होता. त्याच्याविषयीं संशय घेणें सोपें होतें. दुसऱ्यांत प्रामाणिक पाहणारे होते. त्यांच्यावर विश्वास ठेवणें स्वाभाविक होतें. तिसऱ्यांत कीर्तिमान् कर्नल होता. त्याच्यावर अविश्वास दाखविणें उद्धटपणाचें वाटलें. तिन्ही ठिकाणीं नोंद अखेर खोडली गेली, आणि तीं सर्व योग्य रीतीनें खोडली गेलीं. यावरून पुरावा हा पुरावा म्हणूनच तोलला पाहिजे. सांगणाराची प्रतिष्ठा किंवा हलकेपणा त्याच्या पारड्यांत टाकूं नये, हें सिद्ध होतें. माणसाकडे पाहून निर्णय केला असता, तर तिहींपैकीं दोन ठिकाणीं चूक झाली असती. कर्नलच्या बाबतींत तर ती प्रत्यक्ष झालीच, आणि सुमारें ऐशीं वर्षें टिकली.

म्हणून यादीकारांनीं जे नियम घातले आहेत, ते आपल्याही परिचयाचे वाटतील. पाहिलेलें जागच्या जागीं, ग्रंथ उघडून पाहण्यापूर्वीं लिहावें. अंतर, उजेड, वेळ व दुर्बीण यांचा उल्लेख करावा. पक्षी अमुकच आहे एवढें म्हणून न थांबतां, त्याच्यासारखे दिसणारे इतर पक्षी कोणत्या लक्षणांवरून वगळले, हें सांगावें. नमुना असल्यास तो कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेला, याची सांखळी अखंड दाखवावी. आणि दप्तर जपून ठेवावें, म्हणजे पुढच्या पिढीस तें उघडून फेरविचार करतां येईल. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादांत जेधे शकावलींतील एका ओळीची नोंद विस्तृत बखरींहून अधिक वजनदार कां ठरली, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस रानांत लिहिलेलें चार ओळींचें टिपण घरीं येऊन रचलेल्या सुंदर वर्णनाहून श्रेष्ठ कां, हें सांगण्याची गरज नाहीं.

आपल्या देशांतही हें काम सुरू आहे. प्रवीण जे., राजा जयपाल व आशीष पित्ती यांनीं जुन्या नोंदी निकषांवर घांसून इ. स. २०१६ मध्यें भारताच्या पक्ष्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तींत १२६३ जाती होत्या. कोंकणापुरतें पाहिलें, तर जी. डब्ल्यू. विडाल या अधिकाऱ्यानें ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या पत्रांत इ. स. १८८० च्या सुमारास दक्षिण कोंकणच्या पक्ष्यांची पहिली यादी छापली होती. अशा जुन्या याद्या हें इतिहासाचें साधनच होय. खाड्या बुजल्या, बंदरें पालटलीं, खाजणांवर वस्ती झाली; त्यापूर्वीं तेथें काय होतें, हें सांगणारे साक्षीदार हेच. परंतु साक्षीदार म्हटला कीं उलटतपासणी आली. ती जो घेतो तो साक्षीदाराचा शत्रु नव्हे. साक्षीस किंमत येते ती तिच्यामुळेंच.

राहतां राहिला आमचा बारीकचोच कुरल. हेस्टिंग्जच्या खोडलेल्या जातींपैकीं बहुतेक पुन्हां आल्या; रानपिंगळा हरवला आणि पुन्हां सांपडला. सृष्टीनेंच यादीची चूक दुरुस्त केली. कुरलाच्या बाबतींत ती वाट आतां बंद झाली आहे. ड्रुरिज बे येथील पक्षी खरोखर त्या जातीचा असेल, तर शेंकडों लोकांनीं चार दिवस एका संपत आलेल्या कुळाच्या शेवटच्या कांहीं पुरुषांपैकीं एक पाहिला, आणि यादींत त्याचें नांव नाहीं. तो तसा नसेल, तर यादी आज आहे तशीच बरोबर आहे. यांपैकीं खरें कोणतें, हें नवा पक्षी येऊन सांगणार नाहीं.

तरीही नांव खोडणारांनीं चूक केली, असें आम्हांस वाटत नाहीं. नामशेष झालेल्या जातीच्या अखेरच्या नोंदींवरच ती केव्हां, कोठें व कशी संपली याचा हिशेब उभा राहतो. त्यांत एक संशयित तारीख निश्चित म्हणून घेतली, तर तो हिशेब चुकतो. आणि त्यावरून दुसऱ्या, अद्याप जिवंत असलेल्या जातींविषयीं घ्यावयाचा धडाही चुकतो. मनास चटका लावणारी गोष्ट आहे म्हणून ती खरी मानावी, असा मोह इतिहासांतही वारंवार होतो. अशा वेळीं जागा कोरी ठेवणें हेंच सत्यास धरून आहे. त्या कोऱ्या जागेशेजारीं पुराव्याचें दप्तर मात्र जपलेलें असावें. कारण पिसांच्या पृथक्करणासारखें एखादें नवें साधन उद्यां तें दप्तर पुन्हां उघडावयास लावील, हें आजच नाकारतां येत नाहीं. इत्यलम्.